वडखळ धरून किती मिनिटं

पाठीत सुई घालण्याआधी भूल देणारे डॉक्टर काय विचारतात? बीपी आहे का, साखर आहे का, दात हलतायत का, सकाळपासून काही खाल्लंय का. आमचे सरही हे सगळं विचारायचे. पण ते उरकलं की स्टूल ओढून बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि मग त्यांची खरी चौकशी सुरू व्हायची.

"घरी कशाने जाणार?"

"रिक्षाने."

"रिक्षा दारापर्यंत जाते?"

"नाय. देवळापर्यंत. तितून बांधावरनं."

"बांध किती रुंद?"

इथे पेशंट घाबरून माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचे, म्हणजे सांगा, विचारतायत तर सांगून टाका. मग घराला पायऱ्या किती, संडास घरात की परसात, परसात असेल तर त्याचं दार आत उघडतं की बाहेर, सोबतीला कोण आणि ते खरंच येणार की नुसतं म्हणतायत. शेवटचा प्रश्न ठरलेला. "आज तुम्हाला कुठे पोचायचंय?" उत्तर मिळालं की ते उठायचे आणि औषधांच्या ट्रेकडे जायचे. बाहेरगावचे तरुण डॉक्टर हे पहिल्यांदा बघायचे तेव्हा त्यांना वाटायचं, हे म्हातारे बहुतेक जनगणनेच्या ड्यूटीवर आहेत.

सरांचं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं. सकाळी पेणला दोन ऑपरेशनं, दुपारी रोह्याला तीन, असं त्यांचं चालायचं. जुनी लाल गाडी ते स्वतः चालवायचे. डिकीत भुलीचं सामान. पुढच्या सीटवर पोह्याच्या पापडांचा पत्र्याचा डबा, त्याला सीटबेल्ट लावलेला. मागे औषधांची पेटी मांडीवर घेऊन मी. मला बेल्ट नव्हता, तो तुटला होता.

माझ्या वडिलांचा जन्म मिठागरात मीठ ओढण्यात गेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. सरांकडे मुलाखतीला गेले तेव्हा बसायच्या आधी हेच सांगितलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे मला कधी नावाने हाक मारलीच नाही. "बी.एस्सी., स्पिरिट." "बी.एस्सी., दार नीट लागलं नाही." आई एकदा हॉस्पिटलात डबा द्यायला आली आणि हे ऐकून मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला चिडवतंय काय गो तो म्हातारा?" चिडवत असतील. मला ऐकायला गोड लागायचं.

आता औषधांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सकाळी ऑपरेशन करून संध्याकाळी घरी पाठवायचे जे पेशंट असतात, हर्निया, मूळव्याध, हायड्रोसिल असले, त्यांचा कमरेखालचा भाग बधिर करायला पाठीच्या कण्यात औषध देतात. बहुतेक ठिकाणी औषध एकच आणि मापही एकच. त्याचं नाव बुपिवाकेन, पण थिएटरात सगळे त्याला हेवी म्हणतात. औषध चांगलं आहे. फक्त पाय चार-चार तास परके होतात, आणि पाय आले तरी लघवी येत नाही. सर हेवीला जावई म्हणायचे. "येतो वेळेवर, कामाला चोख, पण उठायचं नाव काढत नाही." दुसरं अलीकडे आलेलं, क्लोरोप्रोकेन. ते तासाभरात ओसरायला लागतं आणि दीड तासात आपलं आटपून जातं. त्याला ते पोस्टमन म्हणायचे. आधीच्या काळात लिग्नोकेन द्यायचे. तिचं नाव निघालं की सर मान हलवायचे. "बाई चांगली होती. पण जाताना ढुंगणाला चिमटा काढून जायची. माणूस दोन दिवस वाकडा चालायचा. म्हणून बोलावणं बंद."

"तीन वेळा जुळवायच्या असतात," ते म्हणायचे. "सर्जनला किती लागणार, औषध किती टिकणार आणि रस्ता किती खाणार. तिघांत खरं बोलतं ते फक्त औषध."

रस्त्याच्या आणि सर्जनच्या थापा पकडायला त्यांनी एक वही केली होती. पुढून गावं. मागून सर्जन. गावांच्या पानावर दोन रकाने, वडखळ सोडून आणि वडखळ धरून. पेणहून अलिबागकडे किंवा रोह्याकडे जाणाऱ्याला वडखळचा नाका चुकत नाही, आणि तिथे गाडी कधी दोन मिनिटांत सुटते, कधी तिथे बसून भाजी निवडून होते. सर तिथे अडकले की घड्याळ बघून वहीत लिहायचे आणि पापड काढायचे.

सर्जनच्या पानांवर प्रत्येकाच्या नावापुढे ऑपरेशनवार मिनिटं. सुरी लागल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत. सर्जन मंडळी "वीस मिनिटांत होतं" म्हणतात, पण ते वीस म्हणजे कॉलर ताठ करायचे वीस. खरे किती ते घड्याळ बघून लिहायचं काम माझं होतं. गुपचूप.

पेशंटही थापा मारायचे, पण त्या सरांना आवडायच्या. पेणला एक जण हायड्रोसिलला आला. "न्यायला बायको येणाराय," म्हणाला. सरांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या पँटच्या खिशाकडे बघितलं आणि हात पुढे केला. "किल्ली." तो गयावया करू लागला, पण मोटरसायकलची किल्ली निघालीच. पायात पुरता जीव नसताना गाडी चालवत जायचा बेत होता साहेबांचा. सरांनी किल्ली खिशात टाकली, आणि मग आम्ही रोह्याला निघून गेलो. किल्लीची आठवण त्यांना परत येताना नागोठण्याला झाली. पेणला पोचलो तर तो माणूस हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला, शेजारी त्याची बायको, जिला त्याने कधीच बोलावलं नव्हतं.

"ऑपरेशन कशाचं ते मला सिस्टरनी सांगितलं," ती बाई म्हणाली. "हा बोलला, दात काढायला चाललोय."

एका मास्तरांनी उलटं मागितलं. "डॉक्टर, ते लांबणारं द्या. संध्याकाळी पाय हलले तर हेडमास्तर उद्या हजर व्हायला लावतील." सरांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, किती दिवसांचं हवं. मास्तर म्हणाले, शनिवार-रविवार धरून चार. त्यांना मिळाला पोस्टमनच. तीन तासांनी ते वॉर्डात फेऱ्या मारताना दिसले, तोंड पाडून.

पाय परत आले की नाही हे बघायचीही सरांची रीत वेगळी होती. पेशंटने पाय उचलून धरायचा आणि घरापर्यंतचे थांबे क्रमाने म्हणायचे. पाय टेकायच्या आत गावाचं नाव आलं पाहिजे. एक आजोबा गागोद्यापर्यंत बरोबर पोचले आणि पाय खाली. "उतरा," सर म्हणाले, "तुमचं तिकीट इथपर्यंतच होतं. अर्ध्या तासाने परत."

हे सगळं का, असं मी एकदा गाडीत विचारलं होतं. वडखळला अडकलो होतो, म्हणून उत्तर मिळालं, गाडी चालू असती तर टाळलं असतं. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका माणसाला हर्नियासाठी हेवी दिलं, सगळ्यांना देतात तेवढं. दुपारी त्याच्या गावाहून निरोप आला, वडील गेले. माणसाला उठताच येईना. पाय कुणाचे तरी दुसऱ्याचेच. गाववाल्यांनी वाट बघितली आणि मग उरकून घेतलं. "बापाला खांदा द्यायचा राहिला त्याचा," सर म्हणाले. "मी त्याला विचारलंच नव्हतं कुठे पोचायचंय. अर्थात त्यालाही माहीत नव्हतं." मग त्यांनी पापडाचा तुकडा मोडून मला दिला आणि पुढच्या ट्रकवाल्याला शिव्या दिल्या.

माझी चूक सांगायची राहिली. तिच्यासाठीच एवढं सगळं लिहितेय.

रोह्याला दर शुक्रवारी पनवेलहून एक मोठे सर्जन यायचे. हात सुंदर, सावकाश, सफाईदार. शिस्तीचा दरारा होता. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, कुठली, काय शिकलीस. मी सांगितलं. ते थांबले आणि म्हणाले, "मिठागरातून इथपर्यंत? शाब्बास." आणि चहा आला तेव्हा त्यांच्या समोरच्या खुर्चीवर मला बसवलं. थिएटरात डॉक्टरांच्या खुर्च्या वेगळ्या आणि बाकीच्यांची बाकडी वेगळी असतात, ज्याने बाकड्यावर चहा प्यायलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल.

महिन्याभरात त्यांनी एकदा माझ्या खांद्यावरून वहीत डोकावलं. "बेचाळीस? मला मूळव्याधीला बेचाळीस? नीट बघ गो."

मी नीट बघितलं आणि खोडून तीस केलं. पुढच्या शुक्रवारी कुणी न सांगता सव्वीस लिहिलं. पावसाळाभर असंच चाललं. मला वाटायचं, दहा-पंधरा मिनिटांनी कुणाचं काय जातं? तोपर्यंत त्यांच्या पेशंटना हेवीच मिळत होतं, त्यामुळे खरंच काही गेलं नव्हतं.

मग थंडीत एका शुक्रवारी त्या आजी आल्या.

आजी इस्राएली, म्हणजे इथल्या ज्यू. आमच्या भागात पूर्वी गावोगाव ही घरं होती, तेलाचे घाणे होते. आता बहुतेक सगळे तिकडे इस्रायलला गेले. आजींचा मुलगाही तिकडेच. ह्या मात्र रोह्यापासून अर्ध्या तासावर आपल्या गावातच राहिल्या होत्या. सोबत शेजारीण, पन्नाशीची, हातात पिशवी आणि पाण्याची बाटली. आजींना मूळव्याध. "तीन महिने झाले, टेकायला जागा नाय ऱ्हायली," त्यांनी सांगितलं.

सरांनी स्टूल ओढलं. रिक्षा दारापर्यंत. पायऱ्या पाच. संडास परसात, दार बाहेर उघडतं. "आज कुठे पोचायचंय?"

"घरी. सूर्य बुडायच्या आत."

"आत म्हणजे?"

"आज शुक्रवार ना. सूर्य बुडला की आमचा शनवार लागतो. त्याच्या आत दिवा लावायचा. मग गाडीत बसायचं नाय, इस्तवाला हात लावायचा नाय. लगीन झाल्यापासून माझा एक शुक्रवार चुकलेला नाय, डॉक्टर. माणसं होती तवा नाय, आता एकटी हाय तरी नाय. जमंल का ते सांगा. नसंल जमत तर मी निघते, दुखतंय ते दुखूदे."

"दुसऱ्या वारी करू की," सिस्टर म्हणाल्या.

"मोठे डॉक्टर शुक्रवारीच येतात ना," शेजारीण म्हणाली. "इचारलं मी. आणि पनवेलला जायला ही तयार नाय."

सर उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. सूर्यास्त सहा वाजून तीन मिनिटं. त्यांचा चेहरा उजळला होता. "आजी, हा सूर्य कधी उशिरा बुडतो का?"

"नाय बा."

"मग एवढ्या वर्षांत वेळेचं खरं बोलणारा हा पहिलाच भेटला. जमवू."

ऑपरेशन सकाळी दहाला होतं. दहा वाजता सर्जनसाहेबांचा पत्ता नाही. साडेअकराला सरांनी फोन लावला.

"आलो, वडखळ आलं," पलीकडून.

"छान. उजव्या हाताला काय दिसतंय?"

"...दुकानं."

"कसली?"

"पेणच्या अलीकडे आहे. रस्त्याचं काम चाललंय."

"पोचा सावकाश," म्हणून सरांनी फोन ठेवला आणि कॅलेंडरकडे बघितलं.

साहेब सव्वा वाजता पोचले. सरांनी मला जवळ बोलावून हिशेब मांडला. पाच-सव्वापाचला आजी रिक्षात बसल्या पाहिजेत. नेहमीच्या मापाने हेवी दिलं तर त्या वेळेला त्या पाय शोधत असतील. "बी.एस्सी., साहेबांचा मूळव्याधीचा आकडा?"

वही माझ्याच हातात होती, आकडाही माझ्याच अक्षरात. "अठ्ठावीस."

"मग पोस्टमन. दोनला सुरू, अडीचला संपेल, चारला आजी गावाला निघतील."

आजी टेबलावर पाय सोडून बसल्या होत्या, उशी पोटाशी धरून, पाठ वाकवून. पेशंट हलू नये म्हणून मी समोरून त्यांचे खांदे धरले होते. त्यांचं कपाळ माझ्या खांद्याला टेकलं होतं. सरांनी पोस्टमनची कुपी उचलली. बाजूच्या बेसिनवर साहेब हात धूत होते.

"होईल ना गो येळेवर?" आजींनी विचारलं. माझ्या कानातच, म्हणजे फक्त मला.

साहेबांची खरी पंचेचाळीस मिनिटं. त्यात टेबलावर झोपवायची, पाय वर बांधायची, कापडं घालायची मिनिटं वेगळी. पोस्टमन निघायला लागला असता आणि साहेबांचे टाके चालू असते. म्हातारी ओरडली नसती, तेवढी ती सोशिक दिसतच होती. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

"सर, अठ्ठावीस नाही."

सरांचा हात थांबला. "मग?"

"बेचाळीस. कधी पंचेचाळीस. मी कमी लिहिलंय."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"कुणाकुणाचं?"

"ह्यांचंच फक्त."

बेसिनचं पाणी बंद झालं. साहेब ओले हात वर धरून दारात आले. "काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले. "तुमचं वय पंधरा मिनिटांनी वाढलं."

"कोण म्हणतं पंचेचाळीस?"

मी आजींचे खांदे सोडू शकत नव्हते, त्यामुळे पळायला जागा नव्हती. "मी, सर. घड्याळ लावून."

"मग तसं लिहिलं का नाहीस?"

"तुम्ही नीट बघ म्हणालात म्हणून."

मला वाटलं, खुर्चीही गेली आणि बहुधा कामही गेलं. आजींनी मान न उचलता विचारलं, "काय बिघडलं काय?"

"काही नाही आजी, बेत बदलला," सर म्हणाले. त्यांनी पोस्टमनची कुपी ठेवली आणि हेवी घेतलं. पण एरवी तीन मिली देतात तिथे एकच. सुई गेली, औषध गेलं, तरी आजींना त्यांनी झोपवलं नाही. तसंच बसवून ठेवलं. हे औषध पाण्याहून जड, माणूस बसलेला असला की खाली उतरतं आणि बसायच्या जागेपुरतंच राहतं. पाय जवळजवळ मोकळे. "फक्त लघवी रुसेल," सर स्वतःशीच पुटपुटले.

"अजून किती?" साहेब.

"दहा मिनिटं. तुम्ही पंचेचाळीस घेणार, मला दहा द्या."

साहेबांनी दहा दिली. ऑपरेशनही त्यांनी नेहमीसारखंच केलं, सावकाश, सुंदर. घाई केली असती तर माझ्या मनातून उतरले असते. शेवटचा टाका कापला आणि मागे न वळता विचारलं, "किती?"

"सेहेचाळीस."

"लिही."

आजींना वॉर्डात हलवल्यावर सर मला फक्त एवढंच बोलले, तेही वहीत बघत. "पेशंट घाबरून खोटं सांगतात. सर्जन सवयीने सांगतात. दोघांचं मी धरतो. तुझं धरायला माझ्याकडे रकाना नव्हता, बी.एस्सी." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

साडेतीनला आजींनी पाय उचलून रोह्यापासून घरापर्यंतचे सगळे थांबे म्हटले, वर एक बंद झालेला थांबाही घेतला. चार वाजता शेजारणीच्या हाताला धरून चालल्या. दुखत नव्हतं. राहिली ती लघवी. वॉर्डाच्या भिंतीवर सरांनी स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेला कागद होता: लघवी झाल्याशिवाय सुट्टी नाही. कुणालाही नाही.

मी पाणी पाजलं. नळ सोडून ठेवला. शेजारीण बाथरूमच्या दाराशी उभी राहून शीळ घालू लागली, तशी आजी आतून म्हणाल्या, "तू जा गो लांब, मला हसू येतंय." पावणेपाच झाले. पाच झाले. सर आपलाच कागद वाचत उभे. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवून कंटाळला आणि दुसरं भाडं घेऊन गेला.

"ह्यात," सर म्हणाले, "कुठे व्हायला पाहिजे ते लिहिलेलं नाही."

"सर, तुम्हीच लिहिलंय ते," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणून तर मला नक्की माहीत आहे. बी.एस्सी., सुट्टीचा कागद घे, कॅथेटर घे, गाडीत बस."

पाच वाजून दहा मिनिटांनी लाल गाडी निघाली. मागे आजी एका कुशीवर, डोकं शेजारणीच्या मांडीत. पुढे मी, डबा पायाशी. हे सोपं नव्हतं, डबा हलवताना सरांनी तो दोनदा पुसला. रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मालगाडी, आणि तीही अशी की डबे संपेचनात. आजी मागून म्हणाल्या, "सूर्य कुठं आला?"

"झाडांच्या वर," मी म्हटलं. खरं म्हणजे तो झाडांत होता. मग मी म्हटलं, "आजी, झाडांत आला."

"बघ हां नीट," त्या म्हणाल्या.

पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होती. पाच पायऱ्या त्या आम्हा दोघींच्या आधाराने चढल्या. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात, सकाळीच तयार करून ठेवलेलं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, काडी ओढली, वात धरली, मग दोन्ही हातांनी डोळे झाकले. ओठ हलत होते. आम्ही दारातच थांबलो. सरांनी घड्याळ बघितलं नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच.

मग त्या दोन तांबे पाणी प्यायल्या आणि शेजारणीबरोबर परसात गेल्या. सर अंगणात परसाकडे पाठ करून उभे राहिले, आता मात्र घड्याळ डोळ्यांसमोर धरून. माझ्या हातात कॅथेटरचं पाकीट. शेजारच्या घरातले लोक ओट्यावर येऊन बघत होते की हा डॉक्टर ह्यांच्या अंगणात कशाची वाट बघतोय.

"झालं गो," परसातून आवाज आला. "सांग त्यांना, भरपूर झालं."

सहा वाजून अकरा मिनिटं. सरांनी मला लिहायला लावलं. मग कागद आजींच्या पुढे केला. "आता इथे सही करा, की तुम्ही घरी गेलात."

आजी हसल्या. "आता नाय. शनवार लागला. लिहायचं नाय."

"एक सही?"

"सही म्हंजे लिहिणंच की."

"अंगठा?"

"शाई लागंल ना? मग तेपण नाय."

सरांनी कागदाची घडी करून खिशात घातली. परतताना कोलाडकडून येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत उभे असताना म्हणाले, "ही बाई आत्ता कुठे आहे?"

"घरी."

"आणि कागदावर?"

"रोह्याला. भरती."

ते हसायला लागले ते नागोठण्यापर्यंत. मलाही थोडं हसू आलं, पण मी खिडकीबाहेर बघत होते.

मंगळवारी आजी जखम दाखवायला रोह्याला आल्या. बऱ्या होत्या. खुर्चीत बसल्या होत्या. हॉस्पिटलच्या क्लार्कने माझ्यापुढे कागद आणि रजिस्टर ठेवलं. "शुक्रवारची तारीख टाका आणि सही घ्या, म्हणजे मिटलं. कोण बघतंय?"

सर खिडकीशी पापड खात होते. त्यांनी मान वळवली नाही.

"ह्यांनी सही आज केली," मी म्हटलं.

"अहो, पण मग चार दिवस भरती दिसतील. डे केअरच्या रजिस्टरात? इथं सकाळी येऊन संध्याकाळी जातात."

"त्या संध्याकाळी गेल्याच."

"मग शुक्रवार लिहा."

"सही शुक्रवारची नाही."

क्लार्कने सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मला काय विचारता, त्या बी.एस्सी. आहेत."

मी आजींना पेन दिलं. त्यांनी ठसठशीत मराठीत पूर्ण नाव लिहिलं, आडनावात गावाचं नाव, तेच गाव. त्याच्या खाली मी लिहिलं: दाखल शुक्रवार. लघवी शुक्रवार, सहा वाजून अकरा मिनिटं, स्वतःच्या घरी. सुट्टी मंगळवार.